अण्णांच्या जेवणाचं काय?

“व्हिसा कधी येतोय तुझा?” आईनं विचारलं.

“येईल पुढच्या महिन्यात. एजंट म्हणाला, झाल्यातच जमा आहे.”

“मग आजपासून स्वयंपाकघरात येत जा.” तिनं माझ्या हातातलं वर्तमानपत्र काढून घेतलं आणि त्या जागी कारल्यांची परडी ठेवली. “तिकडं मस्कतला तुला कोण करून घालणार आहे?”

शिमगा नुकताच होऊन गेला होता. मी डिप्लोमा पास होऊन घरी बसलो होतो आणि मस्कतच्या एका कंपनीत माझं काम जमल्यासारखं होतं. कोल्हापुरात पाटबंधारे खात्याच्या आमच्या कॉलनीत माझ्या वयाची पोरं स्वयंपाकघरात जायची ती फक्त डबे हुडकायला. मी तर संध्याकाळी तालमीत जाणारा. तिथं कुणाला कळलं असतं की धैर्यशील इंगवले कारली चिरतो, तर मला लाल मातीत उतरायची सोय राहिली नसती. पण आईचा आवाज त्या दिवशी काही वेगळाच होता. मी मनात म्हटलं, पोरगा समुद्रापलीकडं निघाला, आईचं काळीज आहे. माझे डोळे भरून आले. कांदा अजून चिरायचा होता.

“पण मला कारलं आवडत नाही,” मी म्हटलं.

“माहीत आहे.”

“मग मस्कतला मी कारलं कशाला करीन?”

“शिकून ठेव. पातळ चकत्या कर, बिया काढ, मीठ लावून ठेव. पाणी सुटलं की घट्ट पिळायचं. घट्ट म्हणजे घट्ट. तालमीत काय नुसता तेल लावायला जातोस?”

परदेशात माणसानं कडू गिळायची तयारी ठेवावी असं तिला सुचवायचं असेल, असा अर्थ मी लावला. आणि मुकाट्यानं पिळायला लागलो.

आई मुलींच्या हायस्कुलात विज्ञान शिकवायची. घरातही तिची शिकवायची तऱ्हा तीच होती. ती स्वतः काहीही करून दाखवायची नाही. हात मागं बांधून शेजारी उभी राहायची आणि म्हणायची, “हात तुझे, डोळे माझे.” फोडणीत मोहरी कधी टाकायची हे ती सांगायची नाही. तेलात एक दाणा टाक आणि काय होतंय ते मला सांग, म्हणायची. भाकरीचं पीठ मळताना पाणी किती, असं विचारलं तर म्हणायची, “पिठाला विचार.” पिठाला विचारून विचारून माझे तळहात दुखायला लागले. पहिल्या भाकऱ्या तव्यावर टाकतानाच फाटायच्या. आई त्या फेकू द्यायची नाही. स्वतः दुधात कुस्करून खायची आणि म्हणायची, “उद्या परत.”

आता अण्णांविषयी सांगायला हवं. माझे वडील भला माणूस. पाटबंधारे खात्यात इंजिनियर, पण कुणाच्या अध्यात ना मध्यात. घरात कधी आवाज चढवला नाही, सुपारीचं खांडही कधी तोंडात टाकलं नाही. त्यांची एकच गोष्ट होती. त्यांना आईशिवाय दुसऱ्या कुणाच्या हातचं जेवण जायचं नाही. लग्नाकार्यात ते दहीभाताचे दोन घास खाऊन उठायचे आणि घरी येऊन भाकरी मागायचे. धरणाच्या कामावर दौऱ्यावर गेले तरी जीपमध्ये घरचा डबा. सख्ख्या बहिणीच्या घरीसुद्धा नुसता चहा. कॉलनीतल्या बायकांना याचं फार कौतुक होतं. “सुभानरावांना बायकोच्या हातचंच लागतं बाई,” असं त्या एकमेकींना सांगायच्या. हे ऐकताना आईचा चेहरा कसा व्हायचा ते मला सांगता येणार नाही, कारण त्या वेळी ती बहुतेक स्वयंपाकघरात असायची.

“अण्णांना यातलं काही सांगू नकोस,” आईनं मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. तालमीच्या भीतीनं मीही ते आनंदानं कबूल केलं होतं.

चैत्र संपेपर्यंत माझ्या भाकऱ्या फुगायला लागल्या. मग अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी आई स्टूल घेऊन ओट्याशेजारी बसली, मांडीवर शाळेच्या कायद्यांचं एक जाडजूड पुस्तक घेतलं आणि म्हणाली, “आजपासून सगळं तू. मी फक्त बसणार.”

“आणि अण्णा?”

“ते बातम्या ऐकताहेत. दार लोटून घे.”

त्यानंतर आमच्या घरात रोज संध्याकाळी एक नाटक चालायचं. मी भाकऱ्या थापायचो आणि आई पुस्तक वाचता वाचता अधूनमधून हात झटकून बांगड्या वाजवायची, म्हणजे बाहेर अण्णांना वाटावं की ती कामात आहे. सगळं झालं की मी मागच्या दारानं बाहेर पडायचो, नळावर हात-तोंड धुवायचो आणि पुढच्या दारानं तालमीतून आल्यासारखा घरात शिरायचो. मग अण्णांच्या शेजारी पाटावर बसून त्यांच्या तोंडाकडं बघत राहायचो.

एकदा मी थापत असताना बाहेरून अण्णांचा आवाज आला, “अगं, आज भाकरीवर हात जड पडतोय तुझा. बरं नाही का?”

माझा हात थांबला. आईनं पुस्तकातलं पान उलटलं. “खांदा जरा धरलाय,” ती शांतपणे म्हणाली आणि मला खुणेनं सांगितलं, हळू.

त्या रात्री अण्णांच्या आवडीची कारल्याची भाजी होती. अण्णांनी पहिला घास घेतला, सावकाश चावला, आणि म्हणाले, “आज कारलं बरं झालंय.” मग त्यांनी आणखी वाढून घेतलं. डिप्लोमाचा निकाल लागला तेव्हाही मला इतका आनंद झाला नव्हता. मी आईकडं बघितलं. ती आमटी वाढण्यात गुंतली होती.

सगळेच दिवस असे गेले नाहीत. एकदा आमटीची फोडणी करपली. अण्णांनी वाटी बाजूला सारली. आई म्हणाली, “लक्ष नव्हतं माझं.” नंतर आत आल्यावर मला म्हणाली, “मोहरी तडतडली की गॅस बारीक. आणि एक ध्यानात ठेव, तू करपवतोस ते माझ्या नावावर जातंय.” तिच्या आवाजात नुसता राग नव्हता, धास्ती होती. एका आमटीसाठी एवढं काय घाबरायचं, ते मला कळलं नाही.

हळूहळू ती मला बाकीचंही सांगायला लागली. अण्णांना आमटीत गूळ थोडा जास्त लागतो. त्यांना शेवटची भाकरी जरा कडक भाजलेली लागते. श्रावणात ते कांदा-लसूण खात नाहीत. वरणाला हिंग लागतो, पण भाजीत पडलेला चालत नाही. हे सगळं ती इतक्या बारकाईनं सांगायची की मला तिची दया यायची. वाटायचं, बिचारी, मी जाणार म्हणून घरातल्या साध्यासाध्या गोष्टी मला सोबत बांधून देतेय. मी तिला म्हणायचोसुद्धा, “आई, तू काळजी करू नकोस. वर्षाला एकदा मी येणार आहे.” ती म्हणायची, “येशील रे. भाकरी परत, जळतेय.”

मेच्या अखेरीस ताराआत्या आली. अण्णांची थोरली बहीण, इचलकरंजीची. तोंडानं फटकळ, मनानं मोकळी. ती आली की मटण व्हायचंच. त्या दिवशी सकाळी अण्णा मटण आणून देऊन आत्याला आणायला स्टँडवर गेले आणि आईनं मला ओट्यापाशी उभं केलं.

“तांबडा रस्सा, पांढरा रस्सा, सुकं, भाकऱ्या. मी आत येणार नाही.”

“येणार नाही म्हणजे? आई, पांढरा रस्सा फाटला तर?”

“नारळाचं दूध घातल्यावर उकळी आणायची नाही. मग कसा फाटेल?” एवढं बोलून ती मधल्या खोलीत गेली आणि आपल्या सुती साड्यांना इस्त्री करत बसली. एक झाली की दुसरी, दुसरी झाली की तिसरी. शाळेला सुट्टी असताना एवढ्या साड्यांना कशाला इस्त्री, असं माझ्या मनात आलं, पण तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली आणि ते तिथंच राहिलं.

जेवायला आम्ही चौघंच. आई वाढत होती. आत्यानं पांढऱ्या रश्श्याची वाटी तोंडाला लावली ती रिकामी करूनच खाली ठेवली.

“शशी, हा रस्सा मला जन्मात जमला नाही बघ. माझा फाटतोयच.”

“अक्का, तो हात लागतो,” अण्णा म्हणाले. ते खुशीत होते. “लग्न झाल्यापासून मी दुसऱ्या कुणाच्या हातचं पोटभर खाल्लं नाही. पहिला घास तोंडात गेला की मला कळतं, हात कुणाचा.”

आईनं पळी पातेल्यात ठेवली. “कळतं?”

“डोळे झाकून सांगीन.”

“मग आजचा हात कुणाचा?”

“तुझा. दुसऱ्या कुणाचा असणार?”

“धैर्यशीलचा,” आई म्हणाली.

अण्णा हसले. “आज पोराला कामाला लावलंस होय? बरं केलंस.”

“आज, काल, परवा. अक्षय्य तृतीयेपासून मी गॅसला हात लावलेला नाही.”

माझा घास हातातच राहिला. अण्णांनी माझ्याकडं बघितलं. “काय रे? खरं?”

मी आईकडं बघितलं. तिनं मान हलवली नाही की डोळ्यांनी खुणावलं नाही. “हो,” मी म्हटलं.

आत्या हसायला लागली. तिला ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं, तरी हसायची थांबेना. “सुभाना, अरे गाढवा! डोळे झाकून सांगतोय म्हणं!”

अण्णा हसले नाहीत. त्यांनी आईला विचारलं, “पण हे कशासाठी?”

आई पाटावर बसली. आपलं ताट जवळ ओढलं, पण जेवायला सुरुवात केली नाही. “आजऱ्याच्या शाळेत मुख्याध्यापिकेची जागा रिकामी होणार हे मला शिमग्यातच कळलं होतं. संस्थेच्या सचिवांनी परवा विचारलं. मी हो म्हटलंय. जूनला शाळा उघडली की हजर व्हायचंय. तिथं मुलींचं वसतिगृह आहे, त्यात मला खोली मिळेल.”

यामागची गोष्ट घरातल्या सगळ्यांना माहीत होती. संस्थेनं आईला याआधीही दोनदा मुख्याध्यापिका म्हणून दुसऱ्या गावी जायचं विचारलं होतं. एकदा मी लहान होतो, एकदा माझी दहावी होती. पण नडलं होतं ते माझ्यामुळं नव्हे. दोन्ही वेळा अण्णांनी तिला अडवलं नव्हतं. ते अडवणाऱ्यातले नव्हतेच. ते इतकंच म्हणाले होते, “जा की. मी कुठं नको म्हणतोय? फक्त माझ्या जेवणाचं काय, तेवढं सांग.” आणि पोरींना ग्रहणं कशी लागतात ते समजावून देणाऱ्या माझ्या आईला या प्रश्नाचं उत्तर दोन्ही वेळा सापडलं नव्हतं.

आताही अण्णांनी सवयीनं तोंड उघडलं. “पण माझ्या जेवणाचं...” आणि ते मध्येच थांबले. कारण त्यांच्या पुढ्यात रस्सा होता, भाकरी होती, आणि त्यांनी ती दोनदा मागून घेतली होती.

माझ्या डोक्यात उजेड पडायला आणखी थोडा वेळ लागला. “पण आई,” मी म्हटलं, “मी तर मस्कतला जाणार ना?”

“जा की,” आई म्हणाली. “मी कुठं नको म्हणतेय? फक्त जायच्या आधी अण्णांना शिकवून जा.”

आत्यानं नव्यानं हसायला सुरुवात केली.

दुपारी सगळे पडल्यावर मी आत गेलो. आई भांडी पुसत होती. मला खरं तर राग आला होता, आणि रागापेक्षा जास्त लाज वाटत होती. इतके दिवस मी समजत होतो की माझ्या विरहानं ही बाई हळवी झालीय.

“म्हणजे हे माझ्यासाठी नव्हतंच,” मी म्हटलं.

“कारलं कुणासाठी आहे, ते तुला पहिल्या दिवशीच कळायला हवं होतं.” ती हसली. मग हातातलं पातेलं खाली ठेवून म्हणाली, “तुला आधी सांगितलं असतं तर तुझ्याच्यानं राहवलं नसतं, अण्णांकडं बघून पाघळला असतास. आणि खरं सांगू? तुला जमेल की नाही याची मला रोज धाकधूक होती.”

“नसतं जमलं तर?”

“तर मी तिसऱ्यांदा नाही म्हणाले असते. चौथ्यांदा कुणी विचारत नाही रे.”

एवढंच ती बोलली. मी फडकं घेऊन तिच्याबरोबर भांडी पुसायला लागलो. राग कुठं गेला ते कळलं नाही.

जूनमध्ये आई आजऱ्याला गेली. आणि चमत्कार असा की ज्या दिवशी ती गेली त्याच दिवशी माझ्या हाताची चव उतरली. तीच आमटी, तोच गूळ, पण अण्णा म्हणायचे, “काहीतरी कमी आहे.” काय कमी आहे ते त्यांना सांगता यायचं नाही. मी वाद घातला नाही. पंधरवड्यात त्यांचं ‘कमी आहे’ बारीक होत गेलं, आणि एका संध्याकाळी ते स्वतःच स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

“तुझा व्हिसा आला म्हणजे?” त्यांनी विचारलं.

“म्हणजे तुम्हाला शिकायला लागणार.”

“मग आजपासूनच येतो,” ते म्हणाले आणि बाह्या सारल्या.

अण्णांना शिकवणं म्हणजे काय ते मला विचारा. चिमूटभर म्हणजे किती, यावर ते पाऊण तास बोलू शकत. भाकरीला तडा गेला की धरणाला गेल्यासारखा त्यांचा चेहरा व्हायचा. मी हात मागं बांधून शेजारी उभा राहायचो. पिठाला विचारा, म्हटलं की चिडायचे, “पीठ बोलतं का रे?” पण चिकाटी होती माणसात. गणपती होऊन गेले, दसरा झाला, आणि त्यांची भाकरी फुगायला लागली. स्वतः केलेलं कारलं पहिल्यांदा खाल्लं त्या दिवशी त्यांनी कढईही स्वतःच घासली. मग म्हणाले, “एवढं सगळं ती शाळेतून आल्यावर करायची?” उत्तर त्यांना ठाऊक होतं.

दिवाळीनंतर माझा व्हिसा खरोखरच आला. पुढं मस्कतला पोचल्यावर कळलं की कंपनीच्या खोल्यांमध्ये स्टोव्ह पेटवायला सक्त बंदी आहे आणि जेवण केरळी आचाऱ्याच्या मेसमध्ये. तिथं होतो तितकी वर्षं मी साधा चहासुद्धा केला नाही. पण ते नंतरचं. निघायच्या आधीच्या रविवारी अण्णा आणि मी आईला भेटायला एसटीनं आजऱ्याला गेलो. दिवाळीला ती चार दिवस घरी आली होती, पण तेव्हा आत्या मुक्कामाला होती आणि आत्यानं अण्णांना ओट्याजवळ फिरकू दिलं नव्हतं. म्हणून आज अण्णांनी पहाटे उठून एकट्यानं सगळं केलं होतं. भाकऱ्या, कारलं, शेंगदाण्याची चटणी, मसालेभात. मोठा डबा फडक्यात बांधून त्यांनी अख्खा प्रवास मांडीवर ठेवला.

“तिकडं काय मिळत असेल तिला,” ते दर घाटाला म्हणायचे. “मेसचं पाणचट. वाळली असेल.”

वसतिगृहात पोचलो तेव्हा मुलींची जेवणं चालली होती. लांबलचक सतरंज्यांवर पंगत बसली होती आणि पंगतीच्या टोकाला, मुलींच्यातच, आई. वाळली वगैरे काही नव्हती. तोंडावर तकाकी आली होती. तिच्या ताटात जाड चपाती, उकडल्यासारखी दिसणारी बटाट्याची भाजी आणि जिच्यात तळ दिसावा अशी आमटी होती. आमच्याकडं तिचं लक्ष नव्हतं. वाढणाऱ्या बाईला ती सांगत होती, “मावशी, आमटी आणखी वाढा.” आणि ती आमटी तिनं इतक्या चवीनं भुरकली की अण्णा दारातच थबकले.

“शशी, हे खातेस तू?”

आई वळली. “अगं बाई, आलात होय! या, बसा. पानं वाढून घेऊ.”

“मी डबा आणलाय तुझ्यासाठी. ते राहू दे.”

“असू दे, हेही संपवते. गरम आहे.” तिनं आमटीचा आणखी एक घोट घेतला. “आयतं, गरम, आणि वर कुणीतरी वाढतंय. अहो, याची चव तुम्हाला काय सांगू?”

अण्णांनी डब्याची गाठ सोडली. कारल्याचा वास दरवळला तशा आजूबाजूच्या मुलींच्या माना वळल्या. आईनं डबा उचलला, स्वतःच्या ताटात एक भाकरी आणि थोडं कारलं घेतलं आणि बाकीचा डबा पंगतीत पुढं सरकवला. अण्णा “अगं, अगं” म्हणेपर्यंत तो चौथ्या मुलीपर्यंत गेला होता. आईनं घास घेतला. डोळे मिटून सावकाश चावला. मग डोळे उघडून अण्णांकडं नुसतं बघितलं. अण्णांचे कान लाल झाले.

डबा रिकामा होऊन परत आला. दोन वेण्या घातलेली एक मुलगी बोटं चाटत म्हणाली, “बाई, हे कुणी केलं? असलं कारलं मी कधीच खाल्लं नाही.”

“आमच्या ह्यांनी,” आई म्हणाली.

पंगतीत खसखस पिकली. बाई थट्टा करताहेत असं मुलींना वाटलं. “नाही, खरं सांगा ना बाई!”

“अगं खरंच मी केलंय,” अण्णा म्हणाले.

हशा आणखी वाढला. दाराजवळची एक म्हणाली, “सर, मीठ लावून किती वेळ ठेवलं होतं? सांगा बघू!” आणि अण्णा ऐन वेळी असे गांगरले की त्यांना काही केल्या सांगता येईना. ते उठून उभे राहिले, माझ्याकडं वळले. “अरे धैर्यशील, सांग की यांना! भाकऱ्यासुद्धा माझ्याच आहेत!”

मी सांगणार होतो. पण आईनं अण्णांसमोर ताट सरकवलं आणि वाढणाऱ्या बाईला खूण केली.

“बसा हो,” ती म्हणाली. “आमटी गार होतेय.”